रिकाम्या हातानं या

कॅनडातल्या किचनरमधले ते शनिवार मला सलग आठवत नाहीत. धुकं विरळ होताना एखादं झाड दिसावं, मग एखादं घर दिसावं, तसे तुकड्यातुकड्यांनी आठवतात. लायब्ररीच्या बेसमेंटमधली ती लांबट खोली, छताला लागून असलेल्या बुटक्या खिडक्या आणि त्यांतून दिसणारे रस्त्यावरच्या माणसांचे नुसते बूट. हिवाळ्यात खिडक्या अर्ध्या बर्फाखाली जायच्या आणि खोलीत निळसर उजेड पडायचा. त्या उजेडात फळ्यापाशी उभे असलेले गजभिये सर. बुटके, सावळे, त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी विणलेला चॉकलेटी स्वेटर आणि त्यावर, हो, त्यावरच, टाय. टाय स्वेटरच्या आत घालायचा असतो हे त्यांना माहीत होतं. "मंग तो दिसन कसा?" असं त्यांचं म्हणणं होतं.

सर आमचे शेजारी. टाउनहाउसच्या रांगेत त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कारखान्यात ते दुभाषे होते. जपानी इंजिनिअर बोलले की इंग्रजी करून सांगायचं आणि कॅनेडियन फोरमन बोलला की जपानी करून. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून झालं की घरी येऊन ते विमलकाकूंशी नागपुरी बोलत, आणि ते ऐकताना वाटायचं, माणूस घट्ट बूट काढून घरात आला.

नागपूरच्या माणसाला जपानी कसं येतं, हा प्रश्न त्यांना प्रत्येक मराठी माणूस विचारायचा. सर तो प्रश्न आवडीनं ऐकायचे. त्यांच्या वस्तीजवळच्या विहारात एक म्हातारे जपानी भंतेजी राहायचे. सर तरुणपणी रोज पहाटे विहाराचं अंगण झाडायला जात. भंतेजी दुसऱ्या टोकाकडून झाडत येत. दोघं मधोमध भेटले की भंतेजी एक जपानी शब्द सांगायचे, एकच, आणि खराटे जागेवर ठेवायचे. "असे किती वर्सं झाडलं, हिशेब नाही," सर म्हणायचे, "पन अंगन साफ झालं अन् भाषा आली." पुढं जपानहून येणाऱ्या यात्रेकरूंना ते नागपूर दाखवू लागले, मग पुण्याकडच्या एका कंपनीनं त्यांना नेलं, आणि तिथून ते कॅनडात आले.

लायब्ररीतला शनिवारचा इंग्रजीचा वर्गही त्याच पद्धतीनं चाले. कारखान्यात नव्यानं आलेले जपानी लोक आणि त्यांच्या बायका यायच्या. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं होतं. अडायचं ते कँटीनमधल्या, पार्किंग लॉटमधल्या इंग्रजीपाशी. सर दर शनिवारी एकच शब्द घ्यायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि अख्खी सकाळ त्या शब्दाभोवती फिरत राहायचे. 'व्हॉटेव्हर'ला एक शनिवार, 'काइंड ऑफ'ला एक. माझी मुलगी इरा शेजारच्या खोलीत गोष्टी ऐकायला बसायची, तोवर मी सरांच्या वर्गात मागच्या खुर्चीवर बसे. इंग्रजी भाग मला कळायचा. जपानी भाग ते परतताना माझ्या गाडीत मराठीतून सांगायचे, कारण बर्फात गाडी चालवणं त्यांना मान्य नव्हतं.

"शब्द असा दारातून नाही समजत," ते म्हणायचे. "त्याच्या घरी जाऊन बसा लागते."

एका शनिवारी फळ्यावर शब्द आला 'हँग आउट'.

समोरच्या सगळ्यांनी आपापल्या घडीच्या इलेक्ट्रॉनिक डिक्शनऱ्या उघडल्या. बटणांचा बारीक आवाज खोलीभर झाला. डिक्शनरीनं आधी कपडे वाळत घालण्याचा अर्थ दिला आणि मग एक जपानी शब्द दिला, 'असोबू'. म्हणजे खेळणं.

"डिक्शनरी खोटं बोलत नाही," सर म्हणाले, "पण अर्धंच सांगते. लहान मूल शेजारी खेळायला जातं, ते असोबू. जपानीत मोठी माणसंही मित्राबरोबर असोबू करतात, ठीक आहे. पण तुम्ही सोमवारी सुपरवायझरला सांगितलं की शुक्रवारी मी तुमच्याबरोबर खेळलो, तर तो एचआरकडे जाईल."

वर्ग तोंडावर हात ठेवून हसला. सर पुढं सांगत गेले. ही मीटिंग नाही, मीटिंगला विषय लागतो. पार्टी नाही, पार्टीला कारण लागतं. व्हिजिट नाही, तिला वेळ ठरवावी लागते. डेट तर नाहीच, तिला धाडस लागतं. हँग आउट कुठं केलं ते सांगता येतं, मॉलमध्ये, कुणाच्या गॅरेजमध्ये. कुणाबरोबर केलं ते तर सांगायचंच. कंपनीच्या प्रेसिडेंटबद्दल हा शब्द वापरू नका. सासूबद्दल वापरलात तर चालेल, फक्त लोकांना तुमच्या सासूला भेटावंसं वाटेल.

सरांना ते सगळे सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. एका बाईंनी हात वर करून विचारलं, "सेन्सेई, तिथं गेल्यावर करायचं काय?"

सरांनी खिडकीतल्या बर्फाकडे बघितलं. मग म्हणाले, "बसायचं."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

तेव्हा नोमुरा-सान उठून उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेले, उंच, केस मधोमध पांढरे. कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. बायको-मुलं जपानमध्ये होती. परदेशी नेमणूक झाली की पुरुषानं एकट्यानं जायचं, मुलांची शाळा मोडायची नाही, ही तिथली रीत. त्यांनी सावकाश, शब्द जुळवत आपली हकिगत सांगितली. पॅकिंगमधल्या एका सहकाऱ्यानं त्यांना म्हटलं होतं, शुक्रवारी ये, वी आर जस्ट हँगिंग आउट. नोमुरा-साननी वेळ विचारली. तो म्हणाला, व्हेनेव्हर. त्यांनी पुन्हा विचारली. मग सात ठरले. नोमुरा-सान बरोबर सातला सूट घालून, तांदळाच्या पापड्यांचा सुंदर गुंडाळलेला डबा घेऊन हजर झाले. बाकीचे लोक गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर टी-शर्टात बसले होते. नोमुरा-सान ताठ बसले. कामाचं बोलणं केव्हा सुरू होतं याची वाट बघितली. ते सुरू होईना, तेव्हा उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि घरी आले. सोमवारी आभाराचं कार्डही दिलं. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"ते वाईट लोक नाहीत," नोमुरा-सान म्हणाले. "मी चुकलो. सेन्सेई, जपानला परत जाण्याआधी मला हे एकदा तरी बरोबर करायचं आहे."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, आणि मला कशाचंही हसू येतं.

सर म्हणाले, "रविवारी माझ्या घरी या. काही आणू नका. रिकाम्या हातानं या."

नोमुरा-साननी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता मी पुण्याची. रिकाम्या हातानं जायला आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे रविवारी दुपारी मी खिडकीशी बसून मोठ्या विश्वासानं बघत होते. नोमुरा-सान आले. हातात जांभळ्या कापडात बांधलेला चौकोनी डबा.

"मी म्हटलं होतं काही आणू नका," सर दारात म्हणाले.

"हे काहीच नाही," नोमुरा-सान वाकून म्हणाले. "अगदी क्षुल्लक आहे." त्यांच्याकडे भेट देताना असंच म्हणतात. आत तांदळाचे मऊ गोळे होते, मध्ये लाल दाण्यांचं गोड सारण. काकूंनी एक खाऊन बघितला आणि म्हणाल्या, "हे तं पुरनच हाय. मानूस आपलाच दिसते."

झालं. डबा लाखेचा होता, काळा, झाकणावर बारीक सोनेरी गवत. असला डबा रिकामा परत कसा द्यायचा? काकूंनी तो सांबारवड्यांनी भरला. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं होतं, नोमुरा-सानना एका रविवारात कळलं. आणि त्यांच्याकडची रीत अशी, की आलेल्या भेटीची परतफेड केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी ते मुळ्याचं लोणचं घेऊन आले. डबा पाटवड्या घेऊन गेला. हिरव्या चहाचा केक आला, तिळाची चटणी गेली. सुकवलेली मासळी आली, आणि काकूंनी नागपूरहून आलेली संत्रा बर्फी, जी त्या सख्ख्या मुलालाही मोजून द्यायच्या, ती काढून दिली.

दोन हिवाळे हा डबा असा फिरत राहिला. मला आता तो काळ आठवला की बर्फ पडताना दिसतो आणि त्यातून तो जांभळा चौकोन सावकाश पुढं सरकत येताना दिसतो. इरा खिडकीतून ओरडायची, "मॉम, द बॉक्स इज हिअर." माणसाचं नावही ती घेत नसे.

आणि गंमत म्हणजे माणूस खरंच मागं पडत चालला होता. सुरुवातीला नोमुरा-सान चहा होईपर्यंत तरी बसायचे. मग डबा मोठा मान घेऊन येऊ लागला, तसं बसणं कमी झालं. ते आदल्या भेटीचे आभार मानत, सर या भेटीचे आभार मानत, दोघं वाकत. मग ते निघत, कारण आता त्यांना पुढच्या रविवारची काळजी लागलेली असे. शेवटी शेवटी तर दारातच सगळं उरकायचं. सर दार बंद करून सोफ्यावर बसत आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. कारखान्यात दिवसभर त्यांच्याशी माणसं बोलायची, पण त्यांच्याशी नव्हे, त्यांच्यामधून पलीकडच्याशी. त्यांनाही कुणीतरी येऊन बसायला हवं होतं. हे ते कधी म्हणाले नाहीत. काकूंना मात्र दिसत होतं.

"दोघंही मास्तर," काकू मला म्हणाल्या, "शिकून कोन राहिलं?" मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी डबा भरून धाडता, मंग तो मानूस रिकामा कसा येईन? एकडाव खाली धाडून पाहा." नागपूरकडे रिकाम्याला खाली म्हणतात.

सर उठून आत गेले. एवढ्याशा बोलण्यानं त्यांना काय लागलं, ते मला कळलं नाही.

कळलं ते एका शनिवारी लायब्ररीतून परतताना. बर्फ इतका दाट पडत होता की मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेऊन थांबले. इरा मागं झोपली होती. काचेवर बर्फ साचत गेला आणि गाडीच्या आत लायब्ररीतल्यासारखाच निळा उजेड झाला. सर आपणहून बोलू लागले.

"विमल म्हनते ते बरोबर हाय. पन मले जमत नाही, अनघा." ते समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत होते. "आमच्या वस्तीत बाहेरच्या कोनाचं भांडं येत नोव्हतं. काही दिलंच तं वरून टाकत. माय कापडगिरनीत होती. तिच्यासोबतच्या एका बाईनं, आमच्यातली नोव्हती ते, पोरीच्या लग्नाचे लाडू मायजवळ दिले. सोताच्या घरच्या पितळी डब्यात. डबाच देऊन टाकला हातात. माय घरी आली अन् डबा मांडीवर घेऊन बसून राह्यली. लाडूकडे पाहे ना. डब्याकडेच पाहे."

मी हीटर थोडा वाढवला.

"घरात काई नोव्हतं. मायनं शेजारून पीठ आनलं, गूळ आनला, गुळाच्या पोया केल्या अन् डबा भरून नेला. मले सोबत घेऊन गेली. तेव्हापासून मायचं एकच. आपल्या घरून कोनाचं भांडं खाली जाईन नाही."

"त्या बाईंनी खाल्ल्या पोळ्या?" मी विचारलं.

"हाव. मायच्या समोर, उभ्यानं."

वायपर लावला तेव्हा समोर बर्फ थांबला होता. मला रडू आलं होतं आणि मी ते लपवलंही नाही. सर खिशातला रुमाल शोधत राहिले. तो त्यांना सापडला नाही, म्हणून त्यांनी मला टिश्यूचा डबाच पुढं केला, जो माझाच होता.

वसंताच्या तोंडावर नोमुरा-सानच्या बदलीचा हुकूम आला. एप्रिलअखेर परत जायचं. वर्गात त्यांनी उभं राहून सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले. शिकलेल्या शब्दांची नावं घेतली आणि म्हणाले की एक शब्द मात्र राहिला, त्याबद्दल सेन्सेईंनी क्षमा करावी. सर फळा पुसत होते. पुसून स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. डबा त्या वेळी सरांकडे होता.

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून मला काकूंच्या फोडणीचा वास आला नाही. एकदा साखर मागायला गेले तर सर सिंकपाशी उभे होते. डबा धुऊन, पुसून, आतून-बाहेरून लख्ख करून त्यांनी ओट्यावर ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होते. काकू टेबलाशी बसून त्यांच्याकडे बघत होत्या. मी साखर न मागता परत आले.

त्यानंतर महिन्याभरात मी नोकरी बदलून मार्कहॅमला आले आणि सर मुलाकडे मिल्टनला गेले. फोन होत राहिले, भेट मात्र लांबत गेली. म्हणून माझ्या मनातले शेवटचे सर त्याच आठवड्यातल्या रविवारचे आहेत.

दुपारी त्यांनी बेल वाजवली. "गाडी काढतेस का? नोमुराकडे जाचं हाय." स्वेटर, त्यावर टाय, हातात जांभळ्या कापडात बांधलेला डबा. रस्त्याकडेचा बर्फ वितळून पाणी वाहत होतं, ऊन कोवळं होतं, आणि सगळं गाव नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसत होतं. सर डबा मांडीवर घेऊन बसले.

"आज काय दिलंय काकूंनी?" मी विचारलं.

"काही नाही."

मी वळून बघितलं.

"खाली हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मायनं भरलं ते तिचं बरोबर होतं. तिले त्या बाईच्या घरी बसा नोव्हतं भेटत. मले बसाचं हाय."

नोमुरा-सानचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. मी सरांच्या मागोमाग वर गेले, खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या माणसाला अपमान वाटला तर? दोन वर्षांच्या भेटींची अखेर रिकाम्या डब्यानं झाली, असं त्यांनी मनात घेतलं तर? दार उघडलं. आत खोकी बांधून झालेली, फर्निचर गेलेलं. दाराजवळच्या ओट्यावर एक भलंमोठं पुडकं तयार होतं, सोनेरी कागद, वर सरांचं नाव.

सरांनी दोन्ही हातांनी डबा पुढं केला. नोमुरा-साननी दोन्ही हातांनी घेतला. आणि घेताक्षणी त्यांना कळलं. हात किंचित वर गेले, जड समजून उचललेली वस्तू हलकी निघाली की जातात तसे. ते डब्याकडे बघत राहिले. सरांचे हात अजून तसेच पुढं होते. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलून सगळं सावरून घेतील, दुभाषेच ते. पण सरांनी नुसते हात खाली घेतले.

नोमुरा-साननी डबा खाली ठेवला. ओट्यावरचं पुडकं उचललं, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि ते नेऊन कपाटात ठेवून दार लावून घेतलं. मग परत आले. बराच वेळ दोघांपैकी कुणी वाकलं नाही.

"खुर्ची नाही," नोमुरा-सान इंग्रजीत म्हणाले.

"मग खाली बसू," सर म्हणाले आणि बूट काढू लागले.

मी खरेदीला गेले. इराचे बूट घ्यायचे होते, ते घेतले, विनाकारण आणखी दोन दुकानं फिरले. परत आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. वर जाऊन दार वाजवलं. उत्तर आलं नाही, आणि दार नुसतंच लोटलेलं होतं.

दोघं झोपले होते. सर बांधून ठेवलेल्या गादीवर डोकं टेकून उताणे, तोंड उघडं, हलकं घोरत. टाय छातीवरून एका बाजूला घसरलेला. नोमुरा-सान भिंतीला टेकून, मान खांद्यावर कललेली, पाय लांब पसरलेले. खोलीत चहाचा कप नव्हता, ताटली नव्हती, टीव्ही नव्हता. उघड्या खिडकीतून छपरावरचं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता आणि लाकडी जमिनीवरून ऊन हळूहळू सरांच्या मोज्यांपर्यंत चढत आलं होतं. दुसऱ्याच्या घरात इतका बिनघोर झोपलेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

फोन वाजू लागला म्हणून मी घाईनं बाहेर जिन्यात आले. काकू होत्या.

"निघाले का ते?"

"नाही काकू," मी हळू आवाजात म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या."

दार पुन्हा होतं तसं लोटून घेतलं आणि खाली जाऊन गाडीत बसले.